अॅल्युमिनियमला पाणी देणें

लोहाराच्या भट्टीपाशीं तुम्ही कधीं तरी उभे राहिलां असाल. तापवून लाल केलेला कोयता तो पाण्यांत बुडवितो आणि पोलादाला तत्काळ काठिण्य येतें. यासच आपण ‘पाणी देणें’ म्हणतों. अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूंची रीत निराळी आहे. आणि तीवर मोटारींतील माणसांचे प्राण अवलंबून असल्यामुळें ती समजून घेणें अगत्याचें आहे.

इ. स. १९०६ मध्यें जर्मनींत आल्फ्रेड विल्म हे तांबें व थोडें मॅग्नेशियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमवर प्रयोग करीत होते. तापवून पाण्यांत निवविलेला तुकडा नरमच राहिला. परंतु कांहीं दिवसांनीं पाहतात तों तो आपोआप कठीण झालेला! याचें कारण १९३८ मध्यें फ्रान्सांत गिनिए व इंग्लंडांत प्रेस्टन यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें स्वतंत्रपणें दाखविलें. कढत पाण्यांत साखर अधिक विरघळते, तसे परके अणु तप्त धातूंत विरघळतात. धातु एकाएकीं निवविला कीं ते आंत अडकतात. पुढें ते हळूहळू अतिसूक्ष्म पुंजके करितात. त्यामुळें धातूचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहींत. हेंच काठिण्य.

मोटारीच्या पुढच्या अंगास टक्कर सोसणाऱ्या पोकळ नळ्या असतात. कित्येक गाड्यांत त्या मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमच्या करितात. सुमारें ५३० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलेला हा धातु झपाट्यानें निववितात, आणि मग १८० अंशांच्या आसपास कांहीं तास भट्टींत ठेवितात. निवविण्यास विलंब झाला, तर धातूच्या कणांच्या सीमांवर मिश्रणद्रव्यें सांचतात आणि धक्का बसतांच तेथें चीर पडते.

आम्ही हें वर्गांत सांगत असतां एका विद्यार्थ्यानें विचारिलें, “सर, मग सर्वांत कठीण नळीच कां घालीत नाहींत?” प्रश्न मार्मिक होता. वेग दुप्पट झाला कीं गाडीच्या अंगची गतिशक्ति चौपट होते. टकरीच्या वेळीं ती कोठें तरी जिरलीच पाहिजे. नळी दुमडलीच नाहीं, तर धक्का प्रवाशांपर्यंत पोंचतो. ती फुटली, तर फारशी शक्ति जिरत नाहीं. म्हणून पुष्कळदां परम काठिण्य आल्यावरहि धातूला भट्टींत अधिक वेळ ठेवून मुद्दाम किंचित् नरम करितात. मग ती नळी बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणें घडीघडीनें दुमडते आणि आघात आपल्या अंगावर घेते. प्रवाशांभोंवतालचा सांगाडा मात्र दुमडून चालत नाहीं. तेथें बळकटीच हवी.

धातु किती कठीण हें पाहण्यापूर्वीं त्याच्याकडून काय काम घ्यावयाचें आहे हें विचारावें, एवढें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेविलें तरी या पाठाचें सार्थक झालें.