जोडी हरवलेले मोजे

चि. छकुलीस,


विरलेल्या आणि जोडी हरवलेल्या मोज्यांची पिशवी कचऱ्यात टाकू का, असं तू विचारलंस. टाकू नकोस, पण सगळे सांभाळत बसण्याचीही गरज नाही. आधी कापड ओळखायला शीक. मोज्याचा एक धागा ओढून चिमट्यात धर आणि मोरीपाशी पेटव. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. नायलॉनचा वितळून टणक मणी होतो. पुष्कळ मोजे मिश्र धाग्याचे असतात, तेही नायलॉनच्याच ढिगात टाक.

सुती मोज्याचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग म्हणजे शेकायची पुरचुंडी. खडे मीठ तव्यावर कोरडंच गरम कर, थोडा ओवा घाल, मोज्यात भर आणि तोंडाला घट्ट गाठ मार. पूर्वी हेच फडक्यात बांधत. मोजा मुळातच पिशवी असल्यामुळे मीठ सांडत नाही. नायलॉन मात्र इथे चुकूनही नको, तापलेल्या मिठाने तो वितळू शकतो. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ. मधुमेह असलेल्या माणसाच्या पावलांना शेक देऊच नकोस. पावलं बधिर झाली असतील तर चटका बसलेला कळतही नाही.

गणपतीला गावी जाशील तेव्हा कुंड्यांची काळजी सुती मोज्याच्या पट्टीवर सोपव. पाण्याचं भांडं कुंडीपेक्षा थोडं उंच ठेवायचं, भिजवलेल्या पट्टीचं एक टोक त्याच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन बोटं खोल. पट्टी पाणी शोषत राहते आणि माती ओली राहते. निघण्याच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी लावून बघ; किती पाणी लागतं ते तेव्हाच कळेल.

नायलॉनचे मोजे पाणी फारसं धरत नाहीत, पण ताणतात. घोट्यावरचा भाग आडवा कापून त्या पट्ट्यांनी टोमॅटोचं झाड काठीला बांध. सुतळी खोडात रुतते, ही पट्टी खोडाबरोबर सैल होते. उरलेले खुर्च्यांच्या पायांना घाल, लादीवर ओरखडे उठणार नाहीत. पंख्याची पाती आणि खिडकीचे गज पुसायला ओला सुती मोजाच हातात चढव. बोटं जातात तिथे तो जातो.

हे सगळं करण्याआधी मोजे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव. पायाला चिखल्या झाल्या होत्या तेव्हाचे मोजे मात्र सरळ टाकून दे. आणि मोज्याचं फडकं कितीही स्वच्छ असलं तरी ओट्यावर नको, ते फरशी, पंखा आणि खिडक्यांपुरतंच.

टाच नुकतीच विरली असेल तर आत वाटी धरून रफू कर; तो मोजा अजून पायातलाच आहे.

पहिली पुरचुंडी तुझ्या आजीच्या गुडघ्यांसाठी कर, आणि थंडी पडायच्या आत तिला नेऊन दे.

तुझी,
आत्या