जागृत राहा : बाधा, आजार व प्रार्थना

वाचावयाचा भाग : १ पेत्र ५:८,९, मत्तय ४:२३-२५, १२:४३-४५.



अणदूर-नळदुर्गाकडील खेड्यांत कोणी एकाएकी बरळू लागले, अगर त्यास झटके येऊ लागले, म्हणजे शेजारी म्हणतात, "ह्याला बाहेरचे झाले आहे, देवऋषीकडे न्या." ख्रिस्ती घरांतही हे शब्द अद्याप ऐकू येतात. तर मग सैतानाविषयी जागृत राहणे म्हणजे काय? ह्या कामी आपले रोमन कॅथलिक बांधव कोणता नियम पाळतात, हे पाहणे बोधप्रद आहे.

१. पारख. त्यांचा १६१४ सालचा विधिग्रंथ धर्मगुरूस आरंभीच बजावतो की, कोणास भूत लागले आहे असे त्याने सहज मानू नये. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या विधीतही तीच सावधगिरी आहे. हा आजार तर नाही ना, ह्याची आधी खातरी करावयाची. आणि बिशपाच्या खास परवानगीवाचून भूत काढण्याचा विधी कोणी करावयाचा नाही. मत्तयही रोगी, भूतग्रस्त व फेफरेकरी ह्यांची नावे निरनिराळी देतो.

२. रोजचा पहारा. भूतबाधा विरळा, मोह मात्र नित्याचा. म्हणून कॅथलिक जन ईस्टरच्या रात्री बाप्तिस्म्याच्या वेळचे वचन पुन्हा देतात आणि सैतान व त्याची कामे ह्यांचा त्याग करितात. झाडलेल्या पण रिकाम्या घराचा दाखला आठवा. अंतःकरणात ख्रिस्त वसला नाही, तर ते घर रिकामेच. ज्या घरात दारू, वैर व लबाडी ह्यांनी बिऱ्हाड केले आहे, त्याच्या उंबऱ्यावर लिंबू बांधून काय होणार?

३. प्रार्थना आणि औषध. लूक स्वतः वैद्य होता. अणदुरातच हॅलो मेडिकल फाऊंडेशनने खेड्यांतील स्त्रियांस आरोग्यसेवेचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, तसेच साप अगर कुत्रा चावलेल्यास औषधोपचार घेऊ न देणे हा गुन्हा ठरविला आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. उपदेशकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. आजाऱ्याच्या मस्तकी आपला हात पडावा तो आशीर्वादासाठी. त्याच्यापाशी प्रार्थना करा, आणि त्याच दिवशी त्यास दवाखान्यात पोहोचवा. उशीर झाल्याने जीव गेला, तर त्यात सैतानाचेच काम साधते.

प्रश्न : (१) मत्तय ४:२४ मध्ये कोणकोणत्या पीडितांची नावे आहेत? (२) रिकामे घर कशाने भरावे? (३) आपल्या मंडळीत कोणी आजारी असून दवाखान्यावाचून राहिला आहे काय?