उबवणीयंत्रांत अंडीं उबविणें व पिलांचें संगोपन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत चार-दोन कोंबड्या असतातच. घरचें मीठ-मिरची, मुलांचीं पुस्तकें, आजाऱ्याचें औषध, हा खर्च कित्येक घरीं त्यांच्याच अंड्यांवर भागतो. परंतु खुडूक कोंबडी एका वेळीं दहा-बाराच अंडीं उबविते, आणि पिलें मोठीं होईपर्यंत तिचें अंडीं देणें बंद असतें. म्हणून विजेवर चालणारें लहान उबवणीयंत्र घेण्याचा विचार कित्येक कुटुंबें व बचत गट करितात. विचार चांगला आहे. पण यंत्र आणलें म्हणजे पिलें निघालींच, ही समजूत घातक आहे. पन्नास अंडीं ठेवून पांचच पिलें हातीं आलीं, तर गरिबाचीं अंडीं गेलीं, विजेचा पैसा गेला आणि उमेदहि गेली. म्हणून आम्ही ह्या धड्यांत एकच गोष्ट मनावर ठसवूं इच्छितों: कोंबडी काय करिते व कां करिते हें आधीं समजून घ्यावें, मग यंत्रास हात लावावा.

ही विद्या नवी नव्हे. मिसर देशांत प्राचीन काळापासून मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारों अंडीं एकदम उबवीत असत. तेथील कारागीर अंडें पापणीस लावून त्याची उष्णता ओळखीत. फ्रान्समधील रेओमूर ह्या शास्त्रज्ञानें इ. स. १७४९ मध्यें ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. साधनें बदललीं, पण जवळ राहून लक्ष ठेवणाऱ्या माणसाची गरज तेव्हांहि होती व आजहि आहे.

१. अंड्यांची निवड

दुकानांतील पांढरीं अंडीं बहुधा उबत नाहींत, कारण त्या कोंबड्या पिंजऱ्यांत, नरावांचून, ठेविलेल्या असतात. आठ-दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा असेल अशा कळपांतील अंडीं घ्यावीं. तीं मध्यम आकाराचीं, स्वच्छ व न तडकलेलीं असावीं. मळकें अंडें धुवूं नये. धुतल्यानें कवचावरील नैसर्गिक लेप जातो व बारीक छिद्रांतून जंतु आंत शिरतात. अंडीं रुंद टोंक वर करून थंड जागीं ठेवावीं आणि सात दिवसांच्या आंत उबवणीस लावावीं. चैत्र-वैशाखांत तीन-चार दिवसांहून अधिक थांबूं नये. तापलेल्या घरांत गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते व तो मरतो. ओल्या वाळूवर टोपली ठेवून तींत अंडीं ठेविल्यास बराच बचाव होतो.

२. कोंबडीचीं चार कामें

पहिलें काम ऊब देण्याचें. पंखा असलेल्या यंत्रांत ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता राखावी; पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याशीं सुमारें ३८.५ अंश असावी. अंडीं ठेवण्यापूर्वीं यंत्र एक दिवस रिकामें चालवून पाहावें. थोडा वेळ उष्णता उतरली तर पिलें उशिरां निघतात, इतकेंच. परंतु ती ४० अंशांच्या वर कांहीं तास राहिली तर गर्भ मरतात. म्हणून वीज गेल्यास घाबरूं नये. झांकण न उघडतां यंत्रावर घोंगडी टाकावी, हवेचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं, आणि वीज येतांच घोंगडी काढावी. आंत चिमणी किंवा कंदील कधींहि ठेवूं नये. धुरानें गर्भ गुदमरतात.

दुसरें काम ओलावा राखण्याचें. पहिले १८ दिवस ओलावा शेंकडा ५० ते ५५ असावा. अंड्यांतील पाणी हळूहळू उडून रुंद टोंकाची हवेची पोकळी वाढते, आणि पिलूं पहिला श्वास ह्याच पोकळींतून घेतें. १८ दिवसांत अंड्याचें वजन शेंकडा ११ ते १३ घटलें पाहिजे. ५० ग्रॅमचें अंडें सुमारें ४४ ग्रॅम भरावें.

तिसरें काम हवा देण्याचें. गर्भ कवचाच्या छिद्रांतून श्वास घेतो. म्हणून छिद्रें बुजवूं नयेत.

चौथें काम अंडीं फिरविण्याचें. न फिरविल्यास गर्भ आंतल्या पापुद्र्यास चिकटतो. हात धुवून दिवसांतून तीन किंवा पांच वेळां अंडीं फिरवावीं. संख्या विषम ठेविल्यानें रात्रीं तीच बाजू पुनः वर येत नाहीं. पेन्सिलीनें एका बाजूस फुली व दुसरीस गोल काढावा. सातव्या दिवशीं अंधारांत अंड्यामागें विजेरी धरावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर अंडें जिवंत आहे; स्वच्छ दिसणारें अंडें काढून टाकावें.

३. शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशीं फिरविणें थांबवावें व ओलावा शेंकडा ६५ ते ७० करावा. आतां झांकण उघडूं नये. उघडल्यास ओलावा जातो, पापुद्रा सुकतो आणि पिलूं जागच्या जागीं अडकतें.

पिलूं कवचास भोंक पाडून कधीं बारा तास, कधीं चोवीस तास स्वस्थ राहतें. तें मेलें असें समजून लोक कवच सोलतात, आणि येथेंच दयेपोटीं पुष्कळ पिलें मरतात. त्या वेळांत पिलूं फुप्फुसांनीं श्वास घेण्यास शिकतें, बलक पोटांत ओढून घेतें आणि पापुद्र्यांतील रक्त अंगांत मुरवितें. कवच आधीं सोलल्यास रक्तस्राव होतो. जें पिलूं आपलें आपण बाहेर पडतें तेंच बहुधा जगतें.

४. पहिले आठवडे

अंग सुकल्यावर पिलें बाहेर काढावीं. खोक्यांत भाताच्या तुसाचा दोन बोटें थर देऊन त्यावर गोणपाट पसरावें. गुळगुळीत कागदावर पाय फांकतात. पहिल्या आठवड्यांत ३५ अंश ऊब ठेवून पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंश कमी करावी. पिलांकडे पाहिलें तरी ऊब कळते. तीं दिव्याखालीं दाटीनें बसलीं तर थंडी आहे. दूर पळून चोंच उघडून धापा टाकूं लागलीं तर उष्णता अधिक आहे. एकाच बाजूस जमलीं तर दुसरीकडून वारा येतो. सर्वत्र विखरून खात असलीं तर ठीक आहे.

आधीं पाणी द्यावें, मग खाणें. उथळ ताटलींत खडे घालावे, म्हणजे पिलें बुडत नाहींत. पाणी उकळून निववावें. पहिल्या दिवशीं त्यांत थोडा गूळ घालावा. प्रथम मक्याची किंवा ज्वारीची बारीक कणी, मग पिलांचें तयार खाद्य द्यावें. केवळ कणीवर पिलें वाढत नाहींत. त्यांच्या खाद्यांत शेंकडा २० च्या सुमारास प्रथिनें लागतात. पांचव्या ते सातव्या दिवशीं राणीखेत रोगाची लस डोळ्यांत थेंबानें दिली जाते. त्याविषयीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत आधींच विचारून ठेवावें. हा रोग शिरला तर सगळें खुराडें रिकामें होतें.

यंत्र घेण्यापूर्वीं घरांतील कोण एकवीस दिवस त्याजवळ राहील हें ठरवावें. असें कोणी नसेल तर खुडूक कोंबडीच बरी. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा धडा इतरांस वाचून दाखवावा.

प्रश्न

१. अंडीं धुवूं नयेत, तें कां?
२. वीज गेल्यास काय करावें, आणि काय करूं नये?
३. भोंक पाडून स्वस्थ राहिलेलें पिलूं त्या वेळांत काय करीत असतें?
४. पिलें दिव्याखालीं दाटीनें बसलीं तर त्यावरून काय समजावें?