कृषी पदवीच्या प्रवेशअर्जाची पूर्वतयारी

परभणी येथे १९५६ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी तेथेच मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून हे विद्यापीठ वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. तेथील 'परभणी क्रांती' भेंडी व 'परभणी मोती' ज्वारी जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. परंतु त्याच विद्यापीठाच्या वर्गात आपल्या मुलामुलींना जागा कशी मिळते, याची माहिती वाणांच्या माहितीइतकी घरोघर पोचलेली नाही.

प्रवेशाचा विचार बहुतेक घरी बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होतो. तोपर्यंत मृग नक्षत्र जवळ आलेले असते. घरातील कर्ता माणूस कापूस-सोयाबीनच्या पेरणीत गुंतलेला असतो आणि तहसील कचेरीत दाखल्यांसाठी गर्दी उसळलेली असते. अशा वेळी पुरेसे गुण असूनही एखाद्या कागदावाचून हातची जागा जाते व मुलाचे एक वर्ष वाया जाते. म्हणून प्रवेशअर्ज हे निकालानंतर चार दिवसांत उरकण्याचे काम नसून अकरावीपासून क्रमाक्रमाने करावयाचे काम आहे, हे पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

विषयांची निवड

पहिला निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो. कृषी पदवीसाठी विज्ञान शाखा घेऊन भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीस जीवशास्त्र किंवा गणित घ्यावे. कृषी अभियांत्रिकीकडे जावयाचे असेल, तर गणित आवश्यक आहे. परभणीतील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असले तरी ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून तेथील पदवीचा प्रवेश 'नीट' या परीक्षेवर होतो. त्यासाठी जीवशास्त्र हवे. गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेणाऱ्यास सर्व वाटा मोकळ्या राहतात. मात्र अभ्यासाचा भार पेलेल की नाही, याचा विचार शिक्षकांच्या सल्ल्याने करावा.

प्रवेश परीक्षा

राज्यातील कृषी पदवीच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती 'सीईटी' या नावाने सर्वत्र ओळखली जाते. या परीक्षेची नोंदणी बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी होते; गेल्या काही वर्षांत ती डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू झालेली आहे. ज्याने नोंदणी केली नाही व परीक्षा दिली नाही, त्यास बारावीला उत्तम गुण मिळूनही पुढे मार्ग उरत नाही. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी ही एक गोष्ट विसरता कामा नये.

परीक्षेत सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या व ८० टक्के भाग बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. जीवशास्त्राच्या गटात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांस प्रत्येकी ५० आणि जीवशास्त्रास १०० गुण असतात. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. म्हणून कोणताही प्रश्न कोरा सोडू नये. जीवशास्त्र गटाचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतूनच असतात. अर्जात भाषेची निवड विचारपूर्वक करावी.

निकाल 'पर्सेंटाईल' या मापात लागतो. ९० पर्सेंटाईल म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. त्या सत्रात परीक्षेस बसलेल्यांपैकी शेकडा ९० उमेदवार या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ होय. हा भेद न कळल्याने काही पालक निष्कारण निराश होतात, तर काही अवाजवी आशा धरतात.

जातीचा दाखला व वैधता

आरक्षित जागेसाठी केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यास सर्वाधिक वेळ लागतो. विद्यार्थी विज्ञान शाखेत शिकत असतानाच महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत तो अर्ज करावा. वडिलांकडील नातेवाइकांची वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते व जातीचा जुना पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा असणे इष्ट असते.

परभणी जिल्ह्यात याबाबत एक विशेष अडचण येते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या वा जमिनीच्या नोंदी पुष्कळदा उर्दूत, क्वचित मोडीत सापडतात. अशा नोंदीची प्रमाणित नक्कल काढणे व तिचे मान्य भाषांतर करून घेणे, यांत महिने जातात. हे काम अकरावीच्या वर्षीच हाती घ्यावे. कुटुंबातील कोणा सख्ख्या नातेवाइकास पूर्वी वैधता मिळाली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत अवश्य जोडावी.

इतर कागदपत्रे

नॉन-क्रीमी लेयर व उत्पन्नाचा दाखला यांची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून जुना दाखला घरी आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो चालेल की नाही, हे पाहून घ्यावे. अधिवास प्रमाणपत्रही आधीच काढून ठेवावे.

सर्व कागदांवर नाव एकच असावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव 'ज्ञानोबा' आणि आधारपत्रावर 'ज्ञानेश्वर' असेल, तर पडताळणीच्या वेळी अडचण येते. ही दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असतानाच करून घेणे सोपे पडते.

शेतजमीनधारक कुटुंबातील विद्यार्थ्यास कृषी प्रवेशात अधिभार देण्याची पद्धत आहे. त्याचे प्रमाण व अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात. अनेक घरांत सातबारा अद्याप वारलेल्या आजोबांच्या नावे असतो. अशा वेळी वारस नोंद करून घ्यावी. फेरफाराची नोटीस काढल्यावर हरकतींसाठी १५ दिवस थांबावे लागते व त्यानंतरच नोंद मंजूर होते; यामुळे ऐन जूनमध्ये धावपळ करून उपयोग होत नाही.

पसंतीक्रम

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना केवळ गावापासूनचे अंतर पाहू नये. राज्यात परभणीप्रमाणेच राहुरी, अकोला व दापोली येथेही कृषी विद्यापीठे आहेत. कृषीबरोबरच उद्यानविद्या, वनविद्या, अन्नतंत्र, सामुदायिक विज्ञान हेही अभ्यासक्रम आहेत. त्यांचे विषय व पुढील संधी समजून घ्याव्यात. जेथे खरोखर जावयाचे आहे, तेच नाव प्रथम लिहावे; पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यावर पुढील फेरीत बदल करण्यास सामान्यतः वाव राहत नाही. खासगी महाविद्यालयाचे नाव लिहिण्यापूर्वी त्याची संलग्नता व शुल्क यांची खात्री करावी.

खर्चाची तरतूद

खर्चाच्या भीतीने मुलीचे नाव अर्जातून वगळू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. वसतिगृहात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजनाही आहे.

कामाचे वेळापत्रक

१. अकरावी : जातीचे जुने पुरावे, वंशावळ, नावातील दुरुस्ती व वारस नोंद.

२. बारावीचे पहिले सत्र : वैधतेचा अर्ज व अधिवास प्रमाणपत्र.

३. डिसेंबर ते फेब्रुवारी : प्रवेश परीक्षेची नोंदणी.

४. एप्रिल-मे : उत्पन्न व नॉन-क्रीमी लेयर दाखल्यांचे नूतनीकरण, माहितीपुस्तिकेचे वाचन.

५. निकालानंतर : अर्ज, कागदांची पडताळणी व पसंतीक्रम.

सेवा केंद्रावर अर्ज भरताना विद्यार्थ्याने स्वतः उपस्थित राहावे, प्रत्येक रकाना वाचून पाहावा आणि परवलीचा शब्द व भ्रमणध्वनी क्रमांक स्वतःचाच द्यावा. पावती व सर्व कागदांच्या दोन प्रती एका पाकिटात घालून घरी जपून ठेवाव्यात. एवढी दक्षता घेतल्यास पेरणीच्या दिवसांत वडिलांना शेत सोडून कचेरीच्या दारात उभे राहण्याची पाळी येणार नाही आणि मुलाच्या किंवा मुलीच्या श्रमाने मिळालेली जागा कागदावाचून जाणार नाही.