मामांची बुलेट

आमच्या मामांचे घर नागपुरात, महाल भागात आहे. मागच्या पडवीत त्यांची १९६८ सालची बुलेट उभी होती. मामा गेले. त्यानंतर नऊ वर्षे तिला कोणी हात लावला नाही. टाकीत गंज चढला. सीटखाली उंदरांनी घर केले. भंगारवाला वजनावर पैसे देणार होता. मामी म्हणाल्या, "अडगळ आहे, देऊन टाका." पण पैसे घ्यायला त्यांचा हात काही पुढे होईना. तेव्हा आम्ही म्हटले, "मामी, आम्हाला एक उन्हाळा द्या."

ही गाडी मूळची इंग्लंडची. आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती. सैन्याने ८०० बुलेट मागवल्या. १९५५ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. आधी इंग्लंडहून भाग येत आणि इथे जोडले जात. पुढे ते इथेच होऊ लागले. इंग्लंडातला कारखाना बंद पडला, मद्रासचा मात्र चालूच राहिला. इंजिनाची घडण कितीतरी वर्षे फारशी बदलली नाही. म्हणून तर जुन्या बुलेटचे सुटे भाग आजही मिळतात.

आम्ही पाने-पकडी काढल्या. पण मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पहिले कागद काढा ना. इंजिनाची काहून घाई करता?"

इंजिनावर एक नंबर ठोकलेला असतो, चासीवर दुसरा. दोन्ही नंबर गाडीच्या पुस्तकाशी जुळले पाहिजेत. चासीवर आम्हाला ३ दिसला, पुस्तकात होता ८. छातीत धस्स झाले. नंबर जुळला नाही, तर गाडी रस्त्यावर येणार कशी? मिस्त्रींनी रॉकेलचे फडके घेतले आणि हळूहळू चोळले. गंज निघाला. ८ चा उरलेला भाग दिसू लागला! मशीनने घासला असता तर आकडाच गेला असता.

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग दर ५ वर्षांनी ती नवी करावी लागते. आम्ही उशिराचे पैसे भरले आणि तपासणीला गाडी नेली. ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणीही आहे. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, अशा कामालाच ती बाहेर काढायची. आम्हाला ते नको होते.

टाकीत रॉकेल आणि मूठभर नट टाकून ती खूप हलवली. तांबडे पाणी निघाले. ब्रेक मात्र जपून उघडावे. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर मोठा आजार होतो. फुंकर घालू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

आता किक. बुलेटची किक जोरावर नाही, रीतीवर आहे. किक हळूहळू दाबावी. एका जागी ती अडते. तिथे हँडलवरची लहान दांडी ओढावी. तिने सिलिंडरमधला दाब सुटतो. दांडी धरून किक किंचित खाली न्यावी. मग दांडी सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि एकदाच पुरी मारावी. आम्ही घाई केली. किक उलटली आणि चार दिवस पाय सुजला.

त्याहून मोठा धोका पुढेच होता. आजच्या मोटारसायकलचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. जुन्या बुलेटला तिथे गियर असतो आणि ब्रेक डाव्या पायाशी! गल्लीत अचानक गाय आडवी आली. आमचा उजवा पाय दबला. गियर पडला, गाडी काही थांबेना. हातातला ब्रेक दाबला म्हणून वाचलो. मग आठ दिवस पहाटे, रिकाम्या मैदानावर, डावा पाय, डावा पाय, असे घोकत फेऱ्या मारल्या.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला. एका संध्याकाळी मामींना विचारले, "अंबाझरीला येता का?" त्यांनी आधी नंबर पाहिला. एकेक आकडा बोटाने वाचला. मग पदर खोचला, हेल्मेट घातले आणि म्हणाल्या, "हळू चालवा बरं. तुमचे मामा फार जोरात न्यायचे."