वाय-फायचा केसपेपर

मुंबईत काळाचौकीला, अभ्युदयनगरपासून चालत पाच मिनिटांवर, एका मंडळाची अभ्यासिका आहे. संध्याकाळी सातनंतर तिथे बसायला जागा मिळत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं राहत असली की स्पर्धापरीक्षेचा अभ्यास घराबाहेरच करावा लागतो. या अभ्यासिकेत लोकांनी दिलेले पाच जुने लॅपटॉप आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि आमच्या पाचांपैकी एकाकडेही तो नव्हता. म्हणून आम्ही त्यांच्यावर लिनक्स मिंट चढवलं. अर्ध्या तासात पडदा, आवाज, मराठी कळफलक सगळं सुरू झालं, पण तीन लॅपटॉपवर कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह काही आलं नाही.

“काका, लिनक्सवर वाय-फाय चालतच नाही म्हणतात,” एक मुलगी म्हणाली. चालतं. त्या रात्री तिन्ही चालू झाले, आणि ते कसे झाले ते इथे लिहितो आहे, कारण काळाचौकी-लालबागच्या घराघरांत असे लॅपटॉप माळ्यावर पडून आहेत.

केईएम रुग्णालयात गेलं की आधी केसपेपर काढावा लागतो, डॉक्टर त्यानंतर. वाय-फायचंही तसंच धरा. बहुतेक माणसं कुठूनतरी मिळालेल्या आज्ञा एकामागून एक टाइप करत सुटतात आणि चांगलं यंत्र बिघडवतात. आपल्या लॅपटॉपमधलं कार्ड कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या क्रमांकाचं आहे, हे कागदावर लिहिल्याशिवाय एकही पॅकेज बसवू नका. लॅपटॉपवरचं नाव इथे कामाचं नाही. एकाच मॉडेलमध्ये एका खेपेला इंटेलचं कार्ड असतं, दुसऱ्या खेपेला रिअलटेकचं.

हाताशी एवढं ठेवा: लॅपटॉप आणि त्याचा चार्जर, ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं तो पेनड्राइव्ह, अँड्रॉइड फोन, त्याची यूएसबी केबल आणि कागद-पेन. केबल डेटा जाणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबली बाजारात भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळे तास-तास वाया जातात. खालच्या आज्ञा नागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

पहिलं काम, लॅपटॉपला तात्पुरतं इंटरनेट द्या. वाय-फाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून वाय-फाय नाही, या चक्रातून फोन बाहेर काढतो. फोन केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. लिनक्सला तो तारेचं नेटवर्क वाटतो आणि बहुधा आपोआप जोडला जातो. फोन आधीच खोलीतल्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे मुलांचा दिवसाचा डेटा खर्च होत नाही.

आता केसपेपर. टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’ टाइप करा. बरंच काही ओघळेल. त्यातली ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात दोन भागांचा क्रमांक दिसेल, उदाहरणार्थ १४ई४:४३६५. पहिला भाग कंपनीचा, दुसरा कार्डाचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. यूएसबीला लावायचा डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. तिथे रिअलटेकचा क्रमांक ०बीडीए असा येतो.

त्याच ओळीच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहिलेलं आहे का, ते बघा. असेल तर ड्रायव्हर कार्डाला लागलेला आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे. ती ओळ नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ असेल, तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ड्रायव्हर माहीत आहे पण तो कार्डाला लागलेला नाही. दोन्ही नसतील तर ड्रायव्हर बाहेरून आणावा लागेल. ‘युनेम -आर’ टाइप केलं की कर्नलची आवृत्ती मिळते. तीही कागदावर घ्या.

ड्रायव्हर लागलेला असेल तर आधी ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्या. रेडिओ बंद करून ठेवलेला आहे का, ते ती सांगते. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल’. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर कुठल्याही आज्ञेचा उपयोग नाही, लॅपटॉपच्या कडेला छोटी सरकपट्टी किंवा एफएन सोबत दाबायचं अँटेनाचं बटण शोधा. आमच्या तिघांपैकी एक इथेच बरा झाला. जुन्या मालकाने ती पट्टी कधी सरकवली, हे त्यालाही आठवत नव्हतं.

पुढची पायरी फर्मवेअरची. ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लिनक्सवरच्या वाय-फायचा निम्मा गोंधळ त्या एक समजल्यामुळे होतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो आणि कार्डाशी बोलतो. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरने चालवायचा प्रोग्राम. संगणक सुरू होताना ड्रायव्हर तो ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमधून उचलून कार्डात भरतो. बहुतेक कंपन्या फर्मवेअरची फाइल वाटू देतात, तिचा मूळ सोर्स मात्र देत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला धरून राहिलेल्या डेबियनने म्हणूनच अशा फाइली वर्षानुवर्षं मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या. २०२२ मध्ये त्यांनी सभासदांचं मत घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या इन्स्टॉलरमध्येच मिळू लागल्या. तो निर्णय मला योग्य वाटतो. तत्त्व पटलेला माणूसही आधी नेटवर्कवर तर यायला हवा.

‘सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर’ असं टाइप करा. मधली उभी रेघ एंटरच्या वरच्या किंवा शेजारच्या कळीवर असते. ‘फेल्ड टू लोड’ आणि शेवटी उणे २ असा आकडा दिसला तर अर्थ सरळ आहे: फाइल सापडली नाही. उबुंटू आणि मिंटवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर’ पुरे. डेबियनवर पॅकेजेस कंपनीवार आहेत: फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रिअलटेक, फर्मवेअर-अ‍ॅथेरॉस. त्यासाठी सोर्सेसच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग आधी जोडावा लागतो, डेबियन ११ किंवा जुन्यावर ‘नॉन-फ्री’. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, म्हणून शाळेतून मिळालेल्या बॉसच्या यंत्रावर निदान याच वाटेने करा. मग यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा. नुसत्या रीस्टार्टने काही कार्डांची वीज तुटत नाही आणि जुनीच अवस्था राहते.

आता कंपनीप्रमाणे इलाज. इंटेल असेल तर फर्मवेअरनंतर करण्यासारखं काही उरत नाही. अ‍ॅथेरॉसची एटीएच९के ड्रायव्हरवर चालणारी जुनी कार्डं तर पीसीआयवर बाहेरचं फर्मवेअर मागतच नाहीत. लॅमिंग्टन रोडला जुनं कार्ड घ्यायला गेलात आणि तसं एखादं दिसलं तर डोळे मिटून घ्या.

ब्रॉडकॉमला मात्र वेळ द्यावा लागतो. या एका कंपनीच्या कार्डांना लिनक्समध्ये निदान तीन वेगवेगळे ड्रायव्हर आहेत. बी४३ हा मुक्त ड्रायव्हर जुन्या कार्डांसाठी आहे, आणि त्याचं फर्मवेअर ब्रॉडकॉमच्या स्वतःच्या ड्रायव्हरमधून कापून काढावं लागतं. बीआरसीएमएसमॅक कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये खुल्या केलेल्या ड्रायव्हरमधून आला. तिसरा डब्ल्यूएल. तो कंपनीचा बंद ड्रायव्हर आहे, आणि वर उदाहरणाला दिलेलं १४ई४:४३६५, म्हणजे बीसीएम४३१४२, फक्त त्याच्यावरच चालतं. आमचा दुसरा रुग्ण हाच होता. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा. कार्ड ओळखून ते पर्याय दाखवतं. इंटरनेट अजिबातच नसेल तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायला सांगतो आणि पॅकेज तिथून घेतो. डेबियनवर ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ आणि सोबत चालू कर्नलचे ‘लिनक्स-हेडर्स’ बसवा. हेडर्स नसतील तर मॉड्यूल तयारच होत नाही, आणि तरी पॅकेज बसलेलं दिसतं. एक काळजी घ्या: दोन ड्रायव्हर एकाच वेळी ठेवू नका. आधी कुणी बी४३ साठी खटपट केलेली असेल तर ती पॅकेजेस काढून मग डब्ल्यूएल घाला, आणि ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ देऊन बघा.

मध्येच एक अडथळा येतो, तो सिक्युअर बूटचा. कर्नलसोबत न आलेलं मॉड्यूल सहीशिवाय यंत्र चढवू देत नाही, आणि ‘की वॉज रिजेक्टेड’ असा संदेश येतो. ‘एमओकेयूटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट सुरू आहे का ते कळतं. सुरू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहा. पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा थोडेच सेकंद थांबतो. त्या वेळी चहा आणायला गेलात तर पहिल्यापासून सगळं करावं लागेल.

रिअलटेकसाठी पहिला इलाज नवा कर्नल. १०ईसी:सी८२१, म्हणजे आरटीएल८८२१सीई, पूर्वी बाहेरून ड्रायव्हर आणल्याशिवाय चालत नसे. आता तो कर्नलच्या आरटीडब्ल्यू८८ मध्ये आहे. म्हणून कुणीतरी कधीतरी बनवलेला ड्रायव्हर उतरवण्याआधी मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल घ्या. आमचा तिसरा लॅपटॉप १०ईसी:बी७२३, म्हणजे आरटीएल८७२३बीई होता. त्याचा ड्रायव्हर लागलेला, फर्मवेअर जागेवर, आणि तरी राउटरच्या शेजारी बसल्याशिवाय नेटवर्क दिसेना. या कार्डाच्या काही लॅपटॉपमध्ये एकच अँटेना जोडलेली असते, आणि ड्रायव्हर दुसऱ्याच टोकावर ऐकत बसतो. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये ‘आरटीएल८७२३बीई.कॉन्फ’ नावाची फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहायची: ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’. यंत्र बंद करून सुरू करा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १. आम्हाला २ लागू पडला, आणि एक रेघ दाखवणारं चिन्ह पूर्ण भरलं तेव्हा सगळी अभ्यासिका टेबलाभोवती उभी होती.

डोंगल विकत घेणार असाल तर खोक्यावरची आवृत्ती वाचा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. नाव आणि खोकं तेच. काही डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असतो. ‘एलएसयूएसबी’त ०बीडीए:१ए२बी दिसलं तर ‘यूएसबी-मोडस्विच’ बसवा, मग खरा क्रमांक पुढे येतो.

इथवर आलात की चिन्ह दिसेल. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ दिल्यावर आजूबाजूची सगळी नेटवर्कं, त्यांची चॅनेल आणि ताकद दिसते. आमच्याकडे ती यादी पडद्यात मावत नाही, कारण चाळीत खोलीगणिक एक राउटर आहे. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तिन्ही भरलेली असली की संथपणाचा दोष ड्रायव्हरवर येतो. राउटर आणि कार्ड दोन्हींना जमत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ घ्या. भारतात या पट्ट्यातला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. ही लहर जुन्या जाड भिंतीपलीकडे फारशी जात नाही, आणि दाट वस्तीत तोच तिचा फायदा, शेजाऱ्याची गर्दी आपल्या खोलीत येत नाही. लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्‌झची नेटवर्कं कमी दिसत असतील तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ बघा. देशाच्या जागी ०० असेल तर ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’, त्यातली ‘आयएन’ ही दोन अक्षरं मात्र मोठी.

दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असेल तर वीज-बचतीकडे बघा. ‘ईटीसी’त नेटवर्कमॅनेजरच्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ ही फाइल असते. तिच्यातल्या ३ चे २ करा. अभ्यासिकेत लॅपटॉप कायम चार्जरवरच असतात, तिथे ही बचत कुणाच्याच उपयोगाची नाही.

सगळं झालं की केसपेपर फेकू नका. कार्डाचा क्रमांक, ड्रायव्हरचं नाव, कर्नलची आवृत्ती, केलेला बदल आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवा. पुढे कर्नल बदलेल आणि डब्ल्यूएल त्याच्याशी जुळणार नाही, असं एखाद्या दिवशी होऊ शकतं. त्या दिवशी यंत्र सुरू होताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडा, वाय-फाय येईल, आणि चिठ्ठीवर पुढची ओळ लिहा. आमच्या दुसऱ्या लॅपटॉपच्या चिठ्ठीवर आता तीन ओळी आहेत. शेवटची ओळ त्या मुलीच्या अक्षरात आहे.