जुन्या पिकअप गाडीच्या फोर-व्हीलची पारख

शेतमाल बाजारात नेणे, खत-बियाणे शेतावर आणणे, ही कामे पुष्कळ ठिकाणी बैलगाडीकडून पिकअप गाडीकडे गेली आहेत. ज्यांची शेते काळ्या भुईत, नदीकाठच्या मळईत किंवा घाटमाथ्याच्या उतरणीवर आहेत, अशा कास्तकारांना साधी गाडी पावसाळ्यात पुरी पडत नाही. म्हणून ते फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचविणारी गाडी शोधतात, आणि नवी आवाक्याबाहेर असल्यास जुनी घेतात. आपल्या प्रांताला ही जात नवी नाही. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस आरंभ केला, तेव्हापासून तिची ओळख आहे. आज जुन्या बाजारात जीपखेरीज बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, इसुझू व्ही-क्रॉस ह्या पिकअप गाड्यांतील फोर-व्हीलचे प्रकार पाहावयास मिळतात.

अशा खरेदीत एक धोका असतो व तो ऋतूचा असतो. रब्बीचा माल विकून हाती पैसा आला म्हणजे चैत्र-वैशाखात गाडी घेतली जाते. त्या दिवसांत जमीन कोरडी व रस्ते कठीण. फोर-व्हील लावण्याचे कारणच पडत नाही. विकणारा कळ फिरवून समोरचा दिवा लागलेला दाखवितो आणि घेणाऱ्याचे समाधान होते. पुढे मृग बरसतो, भरलेली गाडी बांधाशी रुतते, दिवा लागतो, पण पुढची चाके जागची हलत नाहीत. फोर-व्हीलपायी जादा मोजलेली किंमत परत मागण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. सबब दिवा लागणे म्हणजे चाके जोडली जाणे नव्हे, ही गोष्ट प्रथम मनात बिंबवावी, आणि जोर कोठपर्यंत पोचतो हे स्वतः पाहावे. त्यास एक जॅक, चार दगड आणि एक सोबती एवढे साहित्य पुरते.

रचना

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीत येतो. एरवी ही पेटी तो सर्व मागच्या चाकांकडे धाडते. फोर-व्हील लावली म्हणजे पेटीतील एक जोड सरकतो व पुढचा प्रॉपेलर शाफ्टही मागच्याबरोबर फिरू लागतो. पुढे हा जोर पुढच्या डिफरन्शियलमध्ये, तेथून डाव्या-उजव्या एक्सल शाफ्टांत, आणि शेवटी हबमधून चाकात उतरतो. काही गाड्यांत हब हाताने फिरवून जोडावे लागते. काहींत ते व्हॅक्यूमच्या ओढीने जोडले जाते. काहींत हब नेहमीच जोडलेले असते, पण डिफरन्शियलजवळ एका बाजूच्या एक्सल शाफ्टात सुटता जोड ठेवलेला असतो.

जड नांगराला पूर्वी तीन-चार बैलजोड्या एकामागे एक जुंपीत. मधली साखळी निसटली तर पुढची जोडी चालताना दिसे, पण नांगर ओढीत नसे. फोर-व्हीलचेही तसेच आहे. बहुतेक गाड्यांत दिव्याची कळ ट्रान्स्फर केसपाशी असते. तिच्यापुढची साखळी जोडली आहे की निसटली आहे, हे त्या दिव्यास ठाऊक नसते.

स्वभाव कोणता, दोष कोणता

परीक्षेपूर्वी तीन गोष्टी समजून घ्याव्यात; नाहीतर निर्दोष गाडीस दोष दिला जाईल.

पहिली गोष्ट अशी की, साधे डिफरन्शियल ज्या बाजूस अडथळा कमी त्या चाकास आधी फिरू देते. म्हणून चिखलात पुढचे एक व मागचे एक अशी दोनच चाके गरगर फिरून गाडी अडली, तर फोर-व्हील बिघडली असे समजू नये. पुढचे एक चाक जोराने फिरले ह्याचा अर्थ जोर पुढे पोचला.

दुसरी गोष्ट, वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. ट्रान्स्फर केसमध्ये दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले असता हा फरक कोठेतरी जिरावा लागतो. मऊ मातीत तो चाक किंचित घसरून जिरतो; डांबरी रस्त्यावर घसरण्यास वाव नसल्याने सर्व ताण दात्यांवर व शाफ्टांवर पडतो. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते. हा दोष नव्हे, वापरातील चूक होय. कोरड्या कठीण रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी हाकणे म्हणजे धडधाकट गाडी बिघडविणे होय, व जुन्या गाड्यांतील पुष्कळ दुखण्यांचे मूळ ह्याच सवयीत असते.

तिसरी गोष्ट ह्यातूनच निघते. असा ताण साठला म्हणजे फोर-व्हील लवकर सुटत नाही. अशा वेळी दांड्यावर बळ न करता गाडी सरळ रेषेत काही हात मागे घ्यावी. ताण उतरून जोड आपोआप सुटतो. तरीही वारंवार अडू लागल्यास टायर पाहावेत.

पहिली परीक्षा : नजरेची

चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत आणि हवा कारखान्याने सांगितल्याप्रमाणे असावी. पुढे गुळगुळीत व मागे नवे टायर असतील, तर त्यांच्या घेरातील फरकामुळे सरळ रस्त्यावरही ताण साठतो.

नंतर गाडीखाली पाहावे. एक्सल शाफ्टांच्या सांध्यांवर रबरी बूट असतात. ते फाटले असल्यास आतील ग्रीस गेले व माती शिरली असे समजावे. प्रॉपेलर शाफ्ट हाताने धरून हिसडावा. क्रॉसमध्ये खडखड लागल्यास क्रॉस झिजला. ट्रान्स्फर केस व पुढचे डिफरन्शियल ह्यांची भरणीची बुचे उघडून करंगळीने तेल काढून पाहावे. दुधासारखे पांढुरके तेल म्हणजे ओढ्या-नाल्याचे पाणी आत गेले; चकाकणारा कीस दिसला तर दाते किंवा बेअरिंग खाल्ले जात आहेत. गाडी धुऊनपुसून चकचकीत आणली असली तरी बुचाआडचे हे तेल सहसा कोणी बदलून आणीत नाही. म्हणून त्याची साक्ष मोलाची समजावी.

व्हॅक्यूमची नळी आहे काय हेही पाहावे. उभ्या राहिलेल्या गाडीतील रबरी नळ्या उंदीर कुरतडतात, व तेवढ्या एका भोकाने सबंध फोर-व्हील निकामी होते. इंजिन मंद चालू ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढून, कळ फोर-व्हीलवर ठेवावी आणि नळीचे शेवटचे टोक काढून त्यावर बोट धरावे. बोट ओढले गेले तर तेथवर व्हॅक्यूम पोचतो. न ओढले गेल्यास नळी इंजिनापर्यंत तपासावी. काही गाड्यांत जोडण्याची व सोडण्याची अशा दोन नळ्या असतात. त्या एकमेकींच्या जागी लागलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

दुसरी परीक्षा : मऊ भुईवरची

नांगरलेल्या किंवा वाळूच्या जागी गाडी न्यावी. आधी टू-एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांवर, हळू चढ चढून पाहावा व मागचे चाक कोठे घसरते ती जागा ध्यानात ठेवावी. मग चाके सरळ ठेवून फोर-एच लावावे आणि त्याच जागी पुन्हा जावे. सोबत्याने दूर बाजूस उभे राहून पुढची चाके माती उकरतात की नुसती ढकलली जातात हे पाहावे. फोर-एल, म्हणजे संथ पण दांडग्या ओढीची चाल, ही निराळी लावून पाहावी. बहुतेक गाड्यांत त्यासाठी गाडी थांबवून क्लच दाबावा लागतो. ओढीच्या ऐन भरात जोड आपोआप निसटत असल्यास आतील सरकता भाग झिजला असे समजावे. ज्या ट्रान्स्फर केसमध्ये साखळी असते तिच्यातून जोर लागताच ठोके पडल्यासारखा आवाज आला, तर साखळी ताणली गेली असण्याचा संभव फार.

विजेच्या कळीच्या गाडीत कळ फिरविताच पायाखालून लहान मोटरची घरघर ऐकू यावी. ती न आल्यास आधी फ्यूज, मग बॅटरी व तारांची जोडणी पाहावी. मोटर फिरते पण दिवा लुकलुकतच राहतो, तर जोड अर्ध्यावर अडला असे समजून गाडी सरळ काही अंतर हळू चालवावी. तरीही लुकलुक न थांबल्यास बिघाड खराच.

तिसरी परीक्षा : उचललेल्या चाकाची

ही परीक्षा सर्वांत निर्णायक आहे व तिच्यात इंजिन बंद ठेवावयाचे असते. जॅकवर एक चाक उचललेले असता फोर-व्हील लावून इंजिन चालविणे म्हणजे जिवाशी खेळ होय. टेकलेल्या चाकांना जोर मिळताच गाडी जॅकवरून उडी घेते.

सपाट कठीण जागी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना मागेपुढे दगड लावावेत. पुढचे एक चाक उचलून ते आधी टू-एचमध्ये हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले म्हणजे ब्रेक धरून नाही अशी खात्री होते. मग गाडी खाली घेऊन मऊ भुईवर फोर-एच लावून काही हात सरळ चालवावी, म्हणजे जोड पुरता बसतो. तशीच जागेवर आणून, इंजिन बंद करून, तेच चाक पुन्हा उचलावे व फिरवून पाहावे.

चाक किंचित हिसका खाऊन अडले, तर जोर चाकापासून ट्रान्स्फर केसपर्यंत सलग जोडलेला आहे. चाक मोकळे फिरले, तर सोबत्याने खाली लक्ष ठेवून काय काय फिरते ते सांगावे.

१. चाक फिरते, पण त्याचा एक्सल शाफ्ट फिरत नाही : त्या चाकाचे हब जोडलेले नाही.

२. चाक व एक्सल शाफ्ट फिरतात, पण पुढचा प्रॉपेलर शाफ्ट स्थिर राहतो : समोरच्या बाजूचे हब सुटे आहे, किंवा एक्सल शाफ्टातील सुटता जोड बसलेला नाही, किंवा आत काही मोडले आहे.

३. चाक, एक्सल शाफ्ट व प्रॉपेलर शाफ्ट तिन्ही फिरतात : दोष ट्रान्स्फर केसमध्ये किंवा तिला सरकविणाऱ्या दांड्यात अथवा मोटरमध्ये आहे.

हीच परीक्षा दुसऱ्या बाजूस अवश्य करावी. एकच हब सुटे राहिले तरी डिफरन्शियल सर्व फिरणे त्या सुट्या बाजूस सोडून देते व पुढची दोन्ही चाके निरुपयोगी होतात. व्हॅक्यूमच्या हबाची गाडी इंजिन बंद होताच जोड सोडीत असेल, तर मोकळ्या फिरलेल्या चाकावरून निकाल न देता वर सांगितलेली बोटाची परीक्षा प्रमाण मानावी. अखंड नळीत एक्सल असलेल्या जीपमध्ये शाफ्ट दिसत नाही. तेथे दोन्ही हब उघडून पाहिल्याविना पुढे जाऊ नये.

जुळवाजुळव केलेल्या जुन्या जीपमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी. पुढचे व मागचे डिफरन्शियल निराळ्या गाड्यांतून आणलेले असल्यास दात्यांचे प्रमाण जुळत नाही, आणि फोर-व्हील लावताच गाडी स्वतःशीच झगडते. टू-एचमध्ये, हब जोडून, पुढचे एक चाक उचलावे. त्यास बरोबर दोन फेरे देऊन प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. मग पुढची चाके दगडांनी अडवून, गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक सोडून, मागच्या एका चाकाचे तसेच करावे. दोन्ही संख्या जुळल्या पाहिजेत.

सौदा

दोष सापडला म्हणून गाडी टाकूनच द्यावी असे आम्ही म्हणत नाही. फ्यूज, नळी, हबमधील वाळलेले ग्रीस हे दोष थोडक्यात निवारतात. क्रॉस, रबरी बूट व एक्सल शाफ्टांचे सांधे हे मधल्या खर्चाचे. ट्रान्स्फर केसची साखळी व डिफरन्शियलचे दाते हे मात्र भारी काम. ते निघाल्यास मिस्त्रीकडून खर्चाचा लेखी अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी, व विकणारा तयार नसल्यास गाडी साध्या दोन-चाकी चालीची समजूनच मोल करावे. विकणाऱ्याने मऊ भुईवर गाडी नेण्यास किंवा चाक उचलू देण्यास नकार दिला, तर त्या नकारातच उत्तर मिळाले.

गाडी घरी आल्यावर महिन्यातून एकदा मऊ भुईवर फोर-व्हील लावून थोडे अंतर चालवावे. न वापरलेले जोड गंजून व ग्रीस थिजून अडतात, आणि त्यांची आठवण होते ती नेमकी गाडी रुतल्यावर. पाण्यातून गाडी नेल्यास दोन-चार दिवसांत तेल पाहावे व पांढुरके दिसताच बदलावे. ह्या सर्व कामास उन्हाळ्यातील एक सकाळ पुरेशी आहे. ज्यांनी यंदा गाडी घेतली असेल त्यांनी रोहिणी संपण्यापूर्वी ती सकाळ काढावी.